टंकी गळून राहिली होती, पण कुठून?

काकाजींची हिरो होंडा सीडी १०० मोटारसायकल आता माझ्याकडे आहे. काळी, एमएच ३१ पासिंग, ९० च्या दशकातली, ९७.२ सीसीचं ते छोटंसं इंजिन, किक मारली की अजूनही दुसऱ्या किकला चालू. काकाजींनी चालवणं सोडल्यावर ती काटोलला त्यांच्या गोडाऊनमध्ये काही वर्षं उभी होती, संत्र्याच्या क्रेटच्या मागे, टंकीत अर्धवट पेट्रोल तसंच. हे अर्धवट पेट्रोल लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथूनच सुरू झाली आहे पण ते मला लय उशिरा समजलं. मी ती नागपूरला आणली, टायर बदलले, बॅटरी टाकली, पंधरा वर्षं उलटून गेलेली गाडी म्हणून आरसीचं पाच वर्षांचं रिन्यूअल करून घेतलं, आणि बर्डीपर्यंत मस्त फिरवू लागलो.

मग उन्हाळ्यात आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. सकाळी जास्त, दुपारी कमी. खालच्या काकूंनी आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि सांगताना हेही सांगितलं की ती गाडी परत काटोलला नेऊन टाक. गाडीखाली पाहिलं तर काहीच नाही, फरशी कोरडी. पेट्रोलचं हेच असते, पाण्यासारखं थारोळं करत नाही, थेंब पडला की उडून जाते, मागे एक पिवळट चिकट डाग ठेवते तोही नीट वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. पण उडून जाते म्हणजे गायब होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, नालीत, कोपऱ्यात जाऊन बसते. आमच्या पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात साऱ्या स्कीमचे लाइटचे मीटर आहेत आणि चौकीदार मामा खुर्ची टाकून तिथंच बिडी ओढतात. मामांना म्हटलं, मामा थोडे दिवस बिडी गेटबाहेर ओढा जी. ते म्हणे, तुमची गाडीच गेटबाहेर ठेवा ना. बरोबरच होतं त्यांचं. दुरुस्त होईपर्यंत गाडी भिंतीबाहेर कडुनिंबाखाली गेली.

पहिला संशय ओव्हरफ्लोचा. नवतपा चालू होता, पारा ४५ च्या आसपास, आणि मला टंकी गळ्यापर्यंत भरायची सवय. पेट्रोल तापलं की फुगते, एका डिग्रीला साधारण हजारातला एक भाग. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून निघालेलं दहा लिटर पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत वीस डिग्रीनं तापलं तर जवळपास दोनशे मिली वाढते, म्हणजे चहाचे दोन कप. त्याला जागा नसली तर ते झाकणाच्या हवेच्या भोकातून बाहेर येणारच, त्याला गळती म्हणता येत नाही. म्हणून मुद्दाम टंकी पाऊणच्या खाली आणली आणि झाकणाभोवती फडकं गुंडाळून ठेवलं. फडकं कोरडं राहिलं, वास तसाच.

दुसरा संशय कार्बोरेटर. त्याच्या वाटीत पेट्रोल किती यायचं ते ठरवणारी फ्लोटची सुई घासली किंवा तिच्यात कचरा अडकला की वाटी भरून वाहते आणि खालच्या बारीक नळीतून थेंब थेंब पडते. जुन्या गाडीत हे इतकं कॉमन आहे की निम्मे लोक याच्याच नावानं टंकी गळते म्हणून सांगतात. याची परीक्षा फुकटची आहे. रात्री कॉक, म्हणजे टंकीखालची पेट्रोलची तोटी, बंद करायचा, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून घ्यायचं, आणि खाली पुठ्ठा अंथरायचा. सकाळी पुठ्ठा कोरडा तर दोष कॉकच्या पुढे, म्हणजे नळीत नाहीतर कार्बोरेटरमध्ये. पुठ्ठ्यावर डाग तर दोष कॉकमध्ये किंवा टंकीत. माझ्या पुठ्ठ्यावर डाग होता, म्हणजे कार्बोरेटर सुटला. वाईटच वाटलं मला, कारण कार्बोरेटर घरी करता येते.

सक्करदऱ्याकडे आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे, चांगला माणूस, त्यानं बोट फिरवलं, कॉकच्या नटाला थेंब लोंबत होता तो दाखवला आणि म्हणाला, "भाऊ, वायसर गेलं इचं, पाच मिनिटाचं काम हाय." त्याचंही चूक नव्हतं, थेंब खरंच तिथं होता, आणि जुन्या रबराचं वायसर इथेनॉलच्या पेट्रोलनं फुगते, कडक होते, चिरते, हेही खरंच आहे, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते आणि या गाडीचं रबर बनलं तेव्हा असं काही कोणाच्या डोक्यातही नव्हतं. वायसर बदललं, आतली जाळी साफ केली, जाळीवर लाल गाळ होता तो त्यानं फुंकून उडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉकच्या नटाला पुन्हा थेंब.

मग मी आईच्या ड्रेसिंग टेबलवरची टाल्कम पावडर उचलली. टंकीचं पोट फडक्यानं कोरडं पुसलं, खालची कडा जिथं दोन पत्रे जोडलेले असतात ती सगळी शिवण, कॉकच्या भोवती, फ्रेमचा पाइप जातो तो टंकीच्या पोटातला मधला बोगदा, सगळीकडे ब्रशनं पावडर मारली. पांढरं पोट करून टाकलं गाडीचं. आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली बसून राहिलो. पेट्रोल स्वतः दिसत नाही पण पावडर ओली झाली की तिथं काळपट रेघ उमटते. रेघ कॉकपासून सुरू झालीच नाही. ती उमटली उजव्या मागच्या कोपऱ्यात, शिवणीच्या कडेकडेनं, बोगद्याच्या मागून वळसा घालून सावकाश डावीकडे आली आणि कॉकच्या नटावर येऊन थेंब झाली. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली, त्यामुळे पेट्रोलला उतार मिळत होता. मग गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, पुन्हा पुसून पुन्हा पावडर मारली, तर थेंब उजवीकडेच पडू लागला. आता कोणी काही म्हणो, मला पत्ता लागला होता.

पण उजवा कोपराच का? टंकीखालून फ्रेमचा पाइप जातो म्हणून टंकीचा तळ मधून उंच आणि दोन्ही बाजूला खोल असतो, घोड्यावर टाकलेल्या खोगिरासारखा. कॉक डावीकडे. म्हणजे उजवीकडच्या खोलगटात शेवटी जे राहते ते कॉकपर्यंत कधी येतच नाही. पेट्रोल उडून जाते, पाणी मात्र तळाशीच बसते. पाणी कुठून येते म्हणाल तर अर्धी रिकामी टंकी श्वास घेते, दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढते, आणि पावसाळ्यात त्या हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर घाम फुटल्यासारखं जमते. काटोलच्या गोडाऊनमध्ये किती पावसाळे हे चाललं असेल. त्यात इथेनॉल पाणी ओढते. थोडं पाणी असलं तर ते पेट्रोलमध्येच सामावून जळून जाते, पण हद्दीच्या पलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर करून बसतात. लोक आता गंजाचं सगळं खापर इथेनॉलवर फोडतात, मला ते पटत नाही. इथेनॉल यायच्या आधीही टंक्या सडतच होत्या, उभ्या गाड्यांच्या तर जास्तच.

टंकी उतरवणं सोपं आहे, सीट काढा, मागचा बोल्ट काढा, नळी सोडा, मागे ओढून उचला. पेट्रोल आधी धातूच्या डब्यात काढून घेतलं, उघड्यावर, मोबाइल दूर ठेवून. शेवटचं उरलेलं काचेच्या बरणीत घेतलं, आणि ती बरणी मी मुद्दाम आईला दाखवली: वर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर, आणि त्याच्या तळाशी लाल रवाळ गंज. आई म्हणाली हे तू त्या गाडीला पाजत होता?

आता दुरुस्ती. इथं प्रत्येकाजवळ वेगळा इलाज. साबण घास म्हणाले, कपडे धुवायचा बट्टीचा साबण. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, बारीक भोकात घट्ट दाबला की गळती थांबते, हायवेवर घरी पोचण्यापुरता तो खरंच एक नंबर इलाज आहे. दोन पुड्या कालवून लावायचा सील लाव म्हणाले. तोही बसतो, पण बाहेरून लिंपलेल्या थराच्या मागे गंज आपलं काम करतच राहतो, आज इथं बुजवलं तर महिन्यानं बोटभर अंतरावर फुटते. दुसरी टंकी घे म्हणाले, तर जुन्या मालात पाहिलेल्या टंक्यांत टॉर्च मारला तर आत माझ्यापेक्षा जास्त लाल.

आणि वेल्डिंग. इतवारीत लोहा ओळीकडे गेलो होतो, एका दुकानात पोऱ्यानं टंकी हातात घेतली, उलटी करून झटकली, नाकाला लावली, "रिकामीच आहे ना" म्हणाला आणि गॅसचा नळा पेटवायला वळला. मी टंकी त्याच्या हातातून काढून घेऊन सरळ बाहेर आलो. तो मागून हसत होता, हसू दे. भरलेल्या टंकीपेक्षा रिकामी टंकी जास्त घातक असते हे कितीही सांगा लोकांना खोटं वाटते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यापासून ७.६ टक्क्यापर्यंत असलं की ते पेटते. भरलेल्या टंकीत वाफ इतकी दाट असते की हवाच पुरत नाही. रिकामी करून झटकलेल्या टंकीत हवा भरपूर आणि वाफ मोजकी, म्हणजे नेमका स्फोटाचा मसाला तयार. आणि उणे चाळीस डिग्रीलाही पेट्रोलची पेटण्याइतकी वाफ होते, आपल्या ४५ मध्ये तर विचारूच नका. शिवणीत अडकलेलं चमचाभर पेट्रोलसुद्धा पत्रा तापला की पुन्हा वाफ देते. वास येत नाही म्हणजे काही नाही असं समजू नये, नाकाला सवय होऊन जाते.

म्हणून आधी धुणं. गरम पाणी आणि कपड्याचा पावडर टाकून हलवायची, ओतायची, पुन्हा भरायची. पाणी साबणाचंच निघेस्तोवर हे केलं. गच्चीवर केलं, खालच्या नालीत तसलं पाणी सोडलं नाही, पहिलं पेट्रोलवालं पाणी वेगळ्या बादलीत उघड्यावर ठेवून उडू दिलं.

मग गंज काढायचा. याला लोक व्हिनेगर वापरतात, लिंबूफूल वापरतात, दोन्ही चालते. मी बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा हा रस्ता घेतला कारण यात चांगला पत्रा खाल्ला जात नाही, फक्त गंज सुटतो. कॉकचं भोक बुचानं बंद. गळतीच्या जागेला बाहेरून तोच दोन पुड्यांचा सील तात्पुरता लावला, कारण साबण पेट्रोलला दाद देत नाही पण पाण्यात विरघळून जाते. टंकी गळ्यापर्यंत सोड्याच्या पाण्यानं भरली, तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडली, ती टंकीला कुठंच टेकू नये म्हणून रबराच्या बुचात अडकवली. चार्जरचा प्लस सळईला, मायनस टंकीला. हे उलटं झालं तर गंजाऐवजी टंकी जाईल. सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून क्रोमियम सुटते आणि ते पाणी विषारी होते. चार्जर चालू केला की फेस येऊ लागतो, तो हायड्रोजन, म्हणून हे घरात करायचं नाही, उघड्या गच्चीवरच, आणि चिमटे काढायच्या आधी चार्जर भिंतीवरून बंद, म्हणजे तोंडाजवळ ठिणगी नको. सळईवर लाल चिखल चढतो, तो खरवडून परत लावायची. पाणी उकळलेल्या चहासारखं झालं.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. सळईच्या समोर जो पत्रा येतो तोच चांगला साफ होतो, बोगद्याच्या आडचे कोपरे तसेच राहतात. त्यासाठी मूठभर जुने नट टाकून टंकी उलटीपालटी हलवली. नट मोजून टाकायचे आणि मोजूनच काढायचे, एक आत राहिला तर आयुष्यभर खुळखुळा. हलवून हलवून खांदे भरून आले, शेजारचा पोट्टा पाहत होता, "दादा काय करून राहिले बे" म्हणे, त्यालाही लावलं कामाला.

गंज निघाल्यावर बाहेरचा सील खरवडला आणि टंकीत टॉर्च टाकून बाहेरून पाहिलं, अंधार करून. एक भोक समजलं होतं ते दिसलं, ज्वारीच्या दाण्याच्या अर्ध्याएवढं, आणि त्याच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे आणखी दोन उजेडाचे ठिपके. हे दोन गंजानंच बुजलेले होते. वरून वेल्डिंग करून घेतलं असतं तर हे दोन पावसाळ्यात उघडले असते.

ऑटोमोटिव्ह चौकाकडे कामठी रोडला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे बसतात. टंकीसाठी वेल्डरपेक्षा रेडिएटरवाला बरा, त्याचं सगळं आयुष्य पातळ पत्र्यातली गळती शोधण्यात गेलेलं असते. तिथले एक चाचा, पांढरी दाढी, टंकी पाहिली, आत बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि पहिला प्रश्न, "धोई कितनी बार?" मी सांगितलं तरी त्यांनी स्वतः पुन्हा धुतली. मला ते फार आवडलं. मग कॉकच्या भोकाला नळी लावून टंकी पाण्याच्या हौदात बुडवली आणि नळीतून तोंडानं फुंकलं. कम्प्रेसर बाजूलाच होता पण त्याला हात लावला नाही, पातळ पत्र्याच्या टंकीला दोन-तीन पीएसआयच्या वर हवा दिली तर ती डब्यासारखी फुगते आणि परत बसत नाही. बुडबुडे तीनच जागून आले. खडूनं गोल केले.

त्यांनी भोकाभोवतीचा रंग चांगला रुंद खरवडून पत्रा चकचकीत केला, टंकी पाण्यानं भरून अशी तिरपी ठेवली की भोक सगळ्यात वर येईल आणि त्याच्या खाली बोटभरच हवा राहील. पाणी भोकाला टेकलं तर पत्रा तापतच नाही, सोल्डर धरत नाही, आणि पाणी फार खाली ठेवलं तर वाफेला जागा मिळते. ज्योत टंकीजवळ आणलीच नाही, तांब्याच्या डोक्याचं जाड सोल्डरिंग आयर्न लांब भट्टीत तापवायचे, नवसागरावर घासायचे, आणि मग पत्र्यावर. आधी नुसत्या कथिलाचा पातळ हात. तिन्ही भोकं झाकेल असा पत्र्याचा तुकडा कापला, त्याचे कोपरे गोल केले, त्यालाही कथिल चढवलं, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून दाबून तापवलं की आतलं कथिल वितळून एकजीव झालं. सोल्डर साधारण १८०-१९० डिग्रीला वितळते, वेल्डिंगची उष्णता त्याच्या कितीतरी पट, आणि गंजून कागद झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा नळा धरला तर बुजण्याऐवजी भोक मोठंच होते. पुन्हा हौद, पुन्हा फुंकर, एकही बुडबुडा नाही. साडेचारशे रुपये घेतले. मी पाचशे दिले तर पन्नास परत केले आणि वर चहा पाजला.

घरी आणून सोड्याच्या पाण्यानं सोल्डरिंगच्या ॲसिडची खार धुतली, मग साध्या पाण्यानं. आता घाई करावी लागते, साफ झालेला उघडा पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा लालसर होतो. पण नागपूरचं ऊन एरवी शिव्या खाते ते इथं कामी आलं, गच्चीवर झाकण उघडून उलटी ठेवली आणि थोड्याच वेळात पत्र्याला हात लावता येईना. लगेच आत थोडं पेट्रोल आणि टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं, ऑइल मिसळून सगळीकडे फिरवलं. आतून इपॉक्सीचा कोट मारतात तो मी मारला नाही. इथेनॉल सहन करणारा चांगला कोट असेल आणि आतला पत्रा अगदी कोरडा असेल तर टिकतो, नाहीतर साली निघतात आणि त्या साली कॉकच्या जाळीत जाऊन बसतात, मग तो काढायचा म्हणजे गंज परवडला.

बसवताना कॉकला नवीन वायसर, नवीन नळी, आणि नळीत दिसणारा छोटा फिल्टर. पहिल्यांदा दोनच लिटर टाकलं, पुन्हा पावडर मारून रात्रभर ठेवली, मग अर्धी, मग पूर्ण. पावडर पांढरी ती पांढरीच. सुरुवातीला फिल्टरमध्ये बारीक लाल धूळ येत होती, तो फिल्टर बदलावा लागला, एकदा कार्बोरेटरमधला जेट पण साफ करावा लागला. ॲव्हरेजही सुधारलं. आता पावसाळ्यात गाडी उभी राहणार असली तर टंकी भरून ठेवतो, गळ्यापर्यंत नाही, आणि कॉक डावीकडे असल्यानं उजवीकडचं पाणी निघत नाही म्हणून अधूनमधून गाडी डावीकडे चांगली कलवून बरणीत थोडं काढून पाहतो.

मामांनी गाडी पार्किंगमध्ये घेऊ दिली आहे. टंकीच्या पोटाला रेड ऑक्साइड मारून ठेवलं आहे, पेंटरला दाखवलं तर तो म्हणतो एवढ्याशा जागेसाठी काय रंग कालवायचा, पूर्ण टंकीच करून घ्या. वरचा काकाजींच्या वेळचा रंग आणि पट्टे शाबूत आहेत, ते घालवून पोटाखालचा ठिगळ झाकायचा तर मला नाही करायचं, तिथं खाली वाकून पाहतो कोण.